नखरे नव्हेत हो, अर्धशिशी!

लग्नघरी अत्तरदाणी पुढे आली, की मी हात मागे घेते. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाईंचे भारीच नखरे!" डांबराच्या गोळ्या ठेवलेलं कपाट उघडलं, फोडणीचा खकाणा उठला, की माझं अर्धं डोकं ठणकू लागायचं. मग उजेड नको, भांड्यांचा आवाज नको.

अखेर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही अर्धशिशी! तिच्यात पुष्कळ जणींना वास, उजेड, आवाज, तिन्ही सोसवत नाहीत. कधीकधी वास नकोसा होणं हीच दुखणं येत असल्याची पहिली खूण असते. नाक वास ओळखतं कसं, हे उलगडल्याबद्दल २००४ साली रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना नोबेल मिळालं. त्यात एक बाई आहे, याचं मला कोण कौतुक!

मैत्रिणींनो, एक वही करा. कुठला वास आला, जेवण चुकलं होतं का, जागरण झालं होतं का, पाळी जवळ आली होती का, सगळं लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. मनानंच रोज गोळ्या घेऊ नका. त्यानंही डोकेदुखी वाढते.

माझी वही सासूबाईंनीही वाचली. हल्ली उदबत्ती लावण्याआधी त्या विचारतात, "आज डोकं कसं आहे गं?"