जुन्या जीपचा आस आणि ब्रेक

जीपगाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. चिखल असो, ओढा असो, घाट असो, ती वाट काढते. ही गाडी मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी सहा लाखांहून जास्त जीपगाड्या लष्करासाठी बनवल्या. १९४५ साली विलीजने शेतीच्या व इतर कामांसाठी मुलकी जीप काढली. तिला 'सीजे' असे नाव दिले. आपल्याकडे मुंबईत महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जातीच्या जुन्या जीपगाड्या आजही कुठे कुठे चालू आहेत.

जुनी जीप पुष्कळ हातांतून गेलेली असते. कुणी तिला लष्करी गाडीचा आस बसवतो, कुणी दुसऱ्याच गाडीचा ड्रम चढवतो. वरून सगळे सारखेच दिसते. पण ब्रेकचे सामान दिसण्यावर घ्यायचे नसते. आधी आस ओळखायचा, मग माप घ्यायचे, मग सामान घ्यायचे. हे कसे करायचे ते आम्ही येथे सांगतो.

आस म्हणजे काय?

बैलगाडीचा आस जागच्या जागी असतो आणि चाक त्याच्यावर फिरते. जीपचे तसे नाही. बाहेरून दिसते ती पोकळ लोखंडी नळी. ती फिरत नाही. तिच्या आत पोलादी दांडा असतो, तो चाकाला फिरवतो. नळीवर मोठा गोळा दिसतो. त्यात दातेरी चाके असतात. इंजिनाकडून येणारा लांब दांडा या गोळ्यात शिरतो. त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात.

मागचा आस कसा ओळखावा?

मागच्या चाकाच्या मधोमध पाहा. तेथे गोल तबकडी आणि तिच्याभोवती सहा बोल्ट दिसले, तर तो लष्करी जीपचा आस समजावा. या आसात गाडीचे वजन नळी पेलते. आतला दांडा फक्त चाक फिरवतो.

मधोमध एकच मोठा नट आणि त्यात आडवी पिन दिसली, तर तो बहुतेक मुलकी जीपचा आस असतो. यात दांड्याचे टोक निमुळते असते. त्यावर चाकाचा तुंबा घट्ट बसतो आणि मध्ये एक चावी असते. येथे वजनही दांडाच पेलतो. म्हणून हा नट सैल राहिला तर फार वाईट. चावी झिजते, दांडा खराब होतो. हा तुंबा काढायला पुलर लागतो. दांड्याच्या टोकावर हातोडा मारू नये.

एका आसाचा तुंबा व ड्रम दुसऱ्या आसाला चालेल असे धरून चालू नका.

आणखी एक खूण सांगतो. पुष्कळ जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. ते उलटेच फिरवून सुटतात. जोर करून नेहमीसारखे फिरवले तर बोल्ट तुटतो.

दात्यांचा हिशेब

लष्करी जीपच्या आसात मोठ्या चाकाला ३९ आणि लहानाला ८ दाते असतात. म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या ४.८८ फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते. जुन्या सीजे जीपमध्ये हेच दाते ४३ आणि ८ असतात, म्हणजे ५.३८ फेऱ्या. पुढचा आस एक आणि मागचा दुसरा असला, तर मागचे चाक १० फेऱ्या फिरते तेव्हा पुढचे ११ फिरू पाहते. मग चारही चाकांना जोर दिला की आसच एकमेकांशी झगडतात. टायर घासतात, दाते तुटतात.

हे तपासायला गाडी सपाट जागी उभी करा. ज्या आसाची मोजणी करायची त्याचे एकच चाक उचला. बाकीच्या तिन्ही चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, आसाखाली मजबूत ठोकळा द्या. गियर मोकळे करा. चारही चाकांना जोर देणारा दांडाही मोकळा करा. हातब्रेक सोडा. आता उचललेले चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजा. पाचला थोडा कमी पडला तर ४.८८. पाचाच्या पुढे तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त गेला तर ५.३८. दोन्ही आस असेच मोजा.

दगड लावायला का सांगितले? या जुन्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसतो. तो मधल्या गियरपेटीच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक उचलले की हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. खाली माणूस असेल तर जिवावर बेतेल.

ब्रेक मोठे करताना

मूळ जीपचे ब्रेक-ड्रम ९ इंची आहेत. भरलेली गाडी घाट उतरते तेव्हा ते तापतात आणि पकड कमी होते. पुढच्या काळातल्या जीपना १० आणि ११ इंची ड्रम आले. ११ इंची ड्रम घातला तर तेवढ्याच दाबात सुमारे शेकडा २२ जास्त पकड मिळते. म्हणून लोक मोठा ड्रम शोधतात. पण नुसता ड्रम आणून भागत नाही. त्याची मागची पत्रा-प्लेट, ब्रेक-शू आणि चाकाचा सिलिंडर हे सगळे जोडीने हवे.

प्लेटला किती भोके आहेत, त्यांच्यातले अंतर किती, मधले भोक केवढे, हे मोजा. ड्रम चाकाच्या रिममध्ये आणि स्टिअरिंगच्या दांड्याला न लागता फिरतो ना, हेही पाहा. एकाच बाजूला मोठा ब्रेक कधी घालू नका, गाडी त्या बाजूला ओढते. नुसते मागचेच ब्रेक मोठे करू नका. ब्रेक दाबताच वजन पुढे येते, मागची चाके आधी अडकतात आणि गाडी आडवी फिरते.

पुढे डिस्क ब्रेक बसवायचे असतील तर मास्टर सिलिंडरही बदलावा लागतो. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. त्या दाबाने डिस्कचे पॅड सुटत नाहीत, घासत राहतात आणि तापतात. शिवाय डिस्कला ब्रेक ऑईल जास्त लागते.

मूळ मास्टर सिलिंडर एकाच खणाचा असतो. कुठलीही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन खणांचा सिलिंडर बसवला तर एक बाजू गेली तरी दुसरी राहते. आमच्या मते मोठ्या ड्रमच्याही आधी पैसे येथे घालावेत. आणि त्यात इंजिनाचे तेल चुकूनही ओतू नका. त्याने आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतात.

कागदावर लिहा

बाजारात जाण्याआधी एका कागदावर लिहा: मागचा आस सहा बोल्टचा की मोठ्या नटाचा, दोन्ही आसांच्या फेऱ्या, ड्रमची रुंदी, प्लेटच्या भोकांची मापे, मास्टर सिलिंडरचे खण. दुकानदाराने "चालेल हो, बसेल" म्हटले तरी कागद काढा आणि फूटपट्टीने ताडून पाहा. ब्रेकचे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. नळ्यांतली हवा पूर्ण काढायला लावा. मग रिकाम्या गाडीने, सपाट मैदानात, हळू चालवून ब्रेक तपासा. घाट त्यानंतर.