अफूविना भूल

मुंबईच्या गिरण्या भरात होत्या तेव्हा कामगार बाई तान्ह्या मुलाला बाळगोळी चाटवून पाळीवर जात असे. त्या गोळीत अफू असे. मूल दिवसभर निजे आणि आईचा खाडा होत नसे. त्या निजेची किंमत मात्र मूल भरी. अफूचा हा गुण आणि हा दोष ध्यानात ठेवला म्हणजे आजचा विषय समजण्यास सोपा जाईल. मी डॉक्टर नव्हे, कामगारांचा कार्यकर्ता आहे. दवाखान्यांच्या बाकांवर बसून, जाणत्यांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे उमगले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतून पुण्याच्या बाजारात हमालीला गेलेली माणसे आपल्या घरोघर आहेत. ओझी वाहणाऱ्याला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. माझ्या ओळखीच्या, वेल्ह्याकडच्या एका हमालाची ही शस्त्रक्रिया झाली. टाके उत्तम बसले. परंतु दोन दिवस ओकाऱ्यांनी तो हैराण झाला. प्रत्येक उबळीला जखमेवर हात दाबून धरी. पोट साफ होईना. घरची माणसे म्हणू लागली, ऑपरेशन बिघडले. ते बिघडले नव्हते. हा त्रास बहुधा भुलीत दिलेल्या अफूवर्गी औषधांचा, असे पुढे एका भूलतज्ज्ञांनी मला समजावले. रोग्याला ते कोणीच सांगितले नव्हते.

भूल म्हणजे नुसती झोप नव्हे. मन निजवणे, स्नायू सैल करणे आणि वेदनेचा सांगावा थोपवणे अशी तिची तीन कामे आहेत. निजलेल्या माणसाला सुरी कळत नाही, पण त्याच्या शरीराला कळते. नाडी धावते, रक्तदाब चढतो. या तिसऱ्या कामासाठी मॉर्फिन आणि फेंटानिल यांसारखे त्याचे भाऊबंद वापरतात. ती मेंदूत आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत ज्या कुलपांना लागतात, तसलीच कुलपे आतड्यांत आणि श्वास चालवणाऱ्या केंद्रातही असतात. म्हणून वेदना शमते, पण आतडी सुस्तावतात, मळमळते, लघवी अडते, आणि मात्रा वाढली तर श्वासही मंदावतो.

अफूविना भूल देणारे निराळा मार्ग धरतात. वरंध घाटात दरड कोसळली की भोरची गाडी महाडला पोहोचत नाही. महाडच्या वेशीवर तिला अडवायला माणूस उभा करावा लागत नाही. त्याचप्रमाणे जखमेकडून येणाऱ्या नसेभोवती बधिरतेचे औषध सोडले की सांगावा मेंदूपर्यंत जातच नाही. ही युक्ती जुनीच आहे. कार्ल कोलरने 1884 मध्ये कोकेनने डोळा बधिर केला, आणि ऑगस्ट बियरने 1898 मध्ये कण्यात सुई घालून कमरेखालचे अंग. आज तिच्या जोडीला पॅरासिटामॉल, अल्प मात्रेत केटामिन, शिरेतून लिग्नोकेन, मॅग्नेशियम आणि डेक्समेडेटोमिडिन अशी औषधे देतात. प्रत्येक जण थोडे थोडे ओझे उचलतो. हमालांना ही रीत वेगळी शिकवावी लागणार नाही.

लाभ काय? ओकाऱ्या कमी होतात, हे बऱ्याच पाहण्यांत आढळले आहे. पण नव्याची भक्ती करू नये. फ्रान्समधील एक मोठी चाचणी, 2021 मध्ये जिचा अहवाल प्रसिद्ध झाला, ती मध्येच थांबवावी लागली. डेक्समेडेटोमिडिन दिलेल्या काही रोग्यांच्या हृदयाचे ठोके धोकादायक मंदावले होते. म्हणून पुष्कळ तज्ज्ञ अफू अजिबात वर्ज्य न करता, ती कमीत कमी ठेवून बाकीचे काम इतरांवर सोपवतात. मला हेच शहाणपणाचे वाटते.

आपल्याकडे आणखी एक गोम आहे. अमेरिकेत अफूवर्गी गोळ्यांचा सुळसुळाट झाला, म्हणून तिकडे त्या आवरण्याची हाक उठली. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते. तरी 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर कर्करोगाने तळमळणाऱ्याला मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. 2014 मध्ये कायदा सुधारला, तरी खेड्यापर्यंत ती सुधारणा सावकाश चालत येते. डॉक्टरने विचार करून अफू टाळणे निराळे, आणि कपाटात नाही म्हणून रोग्याला कण्हत ठेवणे निराळे. दुसऱ्याला पहिल्याचे नाव देऊ नये. नस शोधायला सोनोग्राफीचे यंत्र फार उपयोगी पडते. पण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्याने त्याची नोंदणी आणि कागदपत्रे कडक आहेत. ती असायलाच हवीत, मात्र लहान रुग्णालयाला त्यांचा भार जाणवतो.

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा विचारावे: भूल कोणती? आधी कधी ओकाऱ्या झाल्या होत्या, गाडी लागते, रात्री घोरतो, हे सांगू का? दुखल्यावर काय देणार? मी कधी उठून चालू?

त्या हमालाने मला निराळेच विचारले होते: पोते कधी उचलू? भूल चांगली असेल तर पहिले दोन-तीन दिवस सुखाचे जातात. पण आत बसवलेली जाळी अंगात मुरायला आठवडे लागतात, आणि जड ओझ्याला डॉक्टर तोवर मनाई करतात. राज्य विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या सत्तर टक्के मिळतात. हा गडी त्या योजनेत नव्हता. तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा बाजारात उभा होता.