क्लच दाबूनही गिअर पडत नाही? गिअर बॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

चामोर्शीहून आष्टी, घोट, मूल किंवा गडचिरोली, कोणत्याही दिशेला जायचे म्हटले तर माणूस आणि माल दोन्ही रस्त्यानेच जातात. आठवडी बाजार, धानाचा हंगाम आणि महाशिवरात्रीची मार्कंड्याची यात्रा या दिवसांत जीप, काळीपिवळी आणि पिकअपला उसंत नसते. अशा दिवशी गिअर पडेनासा झाला की गाडीमालकाचा दिवस बुडतो आणि तो घाईघाईने गॅरेज गाठतो. "मिस्त्री, क्लच गेला," एवढेच तो सांगतो.

पुष्कळदा तेवढ्या शब्दावर गिअर बॉक्स खाली येतो. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटचा नवा सेट बसतो, दिवसभराची मजुरी लागते आणि दुसऱ्या आठवड्यात गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. कारण बिघाड प्लेटमध्ये नव्हताच. तो तेलाच्या नळीत शिरलेल्या हवेत किंवा झिजलेल्या रबरी वॉशरमध्ये होता. त्या किटची किंमत सेटच्या मानाने किरकोळ असते. आपल्या वाचकांत गॅरेज चालवणारे आहेत, स्पेअर पार्ट विकणारे आहेत आणि स्वतःची गाडी भाड्याने चालवणारेही आहेत. तिघांनाही उपयोगी पडेल अशी ही माहिती आहे.

काम कसे चालते

जुन्या मारुती ८०० मध्ये क्लच वायरने ओढला जातो. सुमो, बोलेरो अशा गाड्यांच्या बऱ्याच मॉडेलांत मात्र वायरऐवजी तेल काम करते. पेडलजवळ मास्टर सिलिंडर असतो, गॅरेजच्या भाषेत 'अप्पर'. गिअर बॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर असतो, त्याला 'लोअर' म्हणतात. दोहोंमध्ये पाइप आणि थोडासा रबरी होज. पेडल दाबले की अप्परमधले ब्रेक ऑइल लोअरकडे ढकलले जाते. लोअरची दांडी फोर्कला ढकलते, फोर्क बेअरिंगला ढकलतो आणि प्लेट सुटते.

यात तेल किती सरकते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. समजा लोअरचा व्यास २० मिलिमीटर आहे आणि त्याची दांडी १० मिलिमीटर सरकायला हवी. हिशेब केला तर त्यासाठी जेमतेम ३ मिलिलिटर तेल पुरते. चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावते. म्हणजे साऱ्या क्लचचे काम चमचाभरसुद्धा नसलेल्या तेलावर चालते. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. १ मिलिलिटर तेल कुठे गळून गेले किंवा हवेच्या बुडबुड्यांनी तेवढी जागा खाल्ली, तर दांडीची एक तृतीयांश चाल गेली. पेडल पूर्ण दबते, प्लेट मात्र पूर्ण सुटत नाही. पहिला आणि रिव्हर्स गिअर करकरतो तो यामुळेच.

आधी निदान, मग पाना

पहिली तपासणी अगदी सोपी. इंजिन बंद करून गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर गिअर सहज पडतो आणि चालू इंजिनावर अडतो, तर प्लेट सुटत नाही असे समजावे. दोन्ही वेळा अडत असेल तर दोष गिअरच्या दांड्यांत किंवा गिअर बॉक्समध्ये शोधावा.

दुसरी तपासणी पेडलची. दोनचार वेळा भराभर पंप केल्यावर गिअर पडू लागला, तर आत हवा आहे किंवा तेल कमी झाले आहे. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर कुठेच ओल दिसत नसेल, तर अप्परच्या आतले वॉशर झिजले आहे. ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर पेडलच्या दांडीवरून तेल ओघळले असेल तरी अप्परच दोषी. लोअरचे रबरी बूट सरकवून पाहावे. आत ओल असेल तर लोअरचे किट गेले.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची. शागिर्दाला पेडल पूर्ण दाबायला सांगून उस्तादाने खाली लोअरच्या दांडीची चाल पट्टीने मोजावी आणि कंपनीच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहावी. चाल कमी भरली तर दोष तेलाच्या मार्गात आहे, गिअर बॉक्सला हात लावू नये. त्याच वेळी रबरी होज हाताने चाचपावा. पेडल दाबताना तो फुगत असेल तर चाल तिथेच खर्च होते, होज बदलावा. चाल पूर्ण असून गिअर अडतो, तेव्हाच फोर्क, प्रेशर प्लेट किंवा अडकलेली प्लेट यांचा संशय घ्यावा.

उलट तक्रारही येते. इंजिन ओरडते पण चढावर गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच घसरतो. येथेही लगेच प्लेट बदलू नये. लोअरची निप्पल क्षणभर सैल करावी. दाबाने तेल उडून क्लच ताबडतोब पकडू लागला, तर तेल परत जाण्याची वाट अडली होती. अप्परच्या दांडीला खेळ उरला नसेल, अप्परचे बारीक छिद्र बुजले असेल किंवा होज आतून चिकटला असेल. निप्पल उघडूनही क्लच घसरतच राहिला, तर मात्र प्लेट झिजली आहे किंवा तिच्यावर तेल आले आहे.

काही नव्या गाड्यांत लोअर गिअर बॉक्सच्या आतच, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळू लागला की घंटीच्या खालच्या भागातून तेल टपकते. हे तेल कुठले ते ओळखण्यासाठी थेंब बोटावर घेऊन पाण्याने धुवावा. ब्रेक ऑइल पाण्याने निघून जाते, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल निघत नाही. अशा गाडीचा गिअर बॉक्स उतरवावाच लागतो, हेही ग्राहकाला आधीच सांगावे.

हवा काढण्याची रीत

गळती दुरुस्त केल्याशिवाय हवा काढण्यात अर्थ नाही, दोन दिवसांत ती पुन्हा शिरते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नये, स्टँड लावावेत आणि चाकांना ओट द्यावा. तेलाची डबी उघडण्यापूर्वी झाकणाभोवतीची धूळ पुसावी. रंगावर तेल सांडले तर रंग उतरतो, म्हणून लगेच पाण्याने धुवावे.

१. डबी खुणेपर्यंत नव्या तेलाने भरावी.

२. लोअरच्या निप्पलवर पारदर्शक नळी चढवावी. तिचे दुसरे टोक थोडे तेल घातलेल्या बाटलीत बुडवून ठेवावे.

३. "दाब" म्हटल्यावर शागिर्दाने पेडल सावकाश पूर्ण दाबून धरावे.

४. निप्पल पाव ते अर्धा आटा उघडावी. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात.

५. निप्पल बंद केल्यावरच "सोड" म्हणावे. आधी पेडल सोडले तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सारी मेहनत वाया जाते.

६. बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत हे करत राहावे. दर पाचसहा वेळांनी डबी भरावी. डबी एकदा रिकामी झाली की काम पहिल्यापासून.

एवढे करूनही पेडल नरम राहिले तर निप्पल लोअरच्या वरच्या अंगाला आहे की नाही ते पाहावे. हवा वर चढते. लोअर उलटा बसला किंवा निप्पल खाली आली, तर वरच्या कोपऱ्यातली हवा निघत नाही. अशा वेळी लोअर सोडवून निप्पल वर धरून काम करावे. दांडी आत दाबून धरावी, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. दुसरा उपाय म्हणजे डबीत जागा करून मोठ्या सिरिंजने निप्पलमधून तेल वर चढवणे. मदतनीस नसेल तर निप्पल उघडी ठेवून तेल आपोआप झिरपू द्यावे. वेळ लागतो, पण हवा निघते. मोठ्या ट्रकांच्या क्लचला हवेचा बूस्टर जोडलेला असतो, त्यांची रीत कंपनीच्या पुस्तकावरून पाहावी.

तेलाची निवड

झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच तेल वापरावे. डॉट ३ तेल नवे असताना २०५ अंशांला उकळते, पण पाणी मुरल्यावर त्याची हद्द १४० अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. हे तेल हवेतली ओल शोषून घेते आणि आपल्याकडचा पावसाळा कसा असतो हे सांगायला नको. फळीवर झाकण सैल ठेवलेली बाटली दोन महिन्यांनी गाडीत ओतू नये. दुकानदारांनी लहान सीलबंद बाटल्या ठेवाव्यात, मिस्त्रींनी त्याच घ्याव्यात. सकाळी ठीक असलेला क्लच भर उन्हाळ्यात दुपारी नरम पडत असेल, तर जुन्या तेलाचाही संशय घ्यावा. साधारण दोन वर्षांनी तेल बदलावे.

ब्रेक ऑइल नाही म्हणून इंजिन ऑइल किंवा डिझेल कधीही ओतू नये. रबर फुगते आणि अप्पर, लोअर, होज सारेच बदलावे लागते. सिलिकॉनचे डॉट ५ तेलही यात मिसळू नये. काढलेले तेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये, ते विषारी असते.

एक इशारा. कित्येक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची डबी एकच असते आणि क्लचचे तोंड त्यात वरच्या बाजूला असते. तेल उतरले की आधी क्लच जातो. म्हणून अशा गाडीची चारही चाके आणि ब्रेकचे पाइप पाहिल्याशिवाय नुसती डबी भरून गाडी सोडू नये. गळती ब्रेकची असेल तर पुढचा बिघाड माणसे भरलेल्या जीपमध्ये होईल.

काम झाल्यावर दांडीची आधीची आणि नंतरची चाल ग्राहकाला पट्टीवर दाखवावी, बदललेले जुने किट त्याच्या हातात द्यावे आणि तेल बदलल्याची तारीख बिलावर लिहावी. प्लेट शाबूत असेल तर तसे सांगावे. त्या दिवशी बिल लहान होईल, पण तो मालक पुढच्या वेळी दुसऱ्या गॅरेजचे दार पाहणार नाही आणि चार गाड्या आपल्याकडे पाठवील.