गाडीचा तोल सांभाळणारे सेन्सर : बिघाड कसा शोधाल?

धुळ्याच्या देवपूरहून मुंबई-आग्रा महामार्गाला लागा किंवा चाळीसगावमार्गे कन्नड घाट चढा. ओल्या वळणावर गाडी घसरू लागली, तर ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) प्रणाली नेमक्या चाकाला ब्रेक लावून तिला मार्गावर आणते. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी 1995 मध्ये ती बाजारात आणली.

कोण काय मोजते? यॉ सेन्सर गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते ते मोजतो, दुसरा सेन्सर बाजूचा झोक (आडवे त्वरण). स्टिअरिंगचा कोन आणि चाकांचा वेग यांच्याशी ही मापे ताडली जातात.

डॅशबोर्डवरचा ईएससीचा दिवा काय सांगतो? लुकलुकला, तर प्रणाली काम करते आहे. सतत पेटून राहिला, तर बहुधा बिघाड आहे.

तपासणीचा क्रम
• आधी बॅटरीचा विद्युतदाब, फ्यूज, चारही टायरांचा आकार.
• स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचा. तो पुसण्याआधी लिहून ठेवा.
• सपाट जागी, उभ्या गाडीत यॉ आणि झोक, दोन्ही आकडे शून्याजवळ हवेत.
• सावकाश डावी-उजवी वळणे घ्या. आकड्यांचे चिन्ह बदलले पाहिजे.
• सेन्सरचा बोल्ट ढिला आहे का, कनेक्टरमध्ये पाणी वा गंज आहे का, ते पाहा.

बदलल्यावर नवा सेन्सर योग्य दिशेने घट्ट बसवून कंपनीच्या पद्धतीने कॅलिब्रेशन करावेच लागते. व्हील अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग सेन्सरचेही शून्य तपासा.

केवळ कोडवरून महागडा सेन्सर बदलू नका. आधी वायरिंग तपासून घ्या. दिवा पेटलेला असताना घाटात वेग कमीच ठेवा.