शिकारीसाठी राखायचे बेट

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरचे सांता रोसा हे बेट राष्ट्रीय उद्यानातून काढून संरक्षण खात्याकडे सोपवावे, तिथले एल्क आणि म्यूल हरणे तशीच राखावीत आणि युद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी तिथे शिकारीची सोय करावी, अशी कल्पना २००५ साली अमेरिकन काँग्रेसमध्ये पुढे आली. ती मांडणारे डंकन हंटर प्रतिनिधिगृहाच्या सशस्त्र सेना समितीचे अध्यक्ष होते. जखमी सैनिकांसाठी काही करावे याला कोण नाही म्हणणार? त्यामुळे वाद सैनिक, हरणे आणि शिकार यांच्याभोवतीच फिरत राहिला आणि ज्या बेटाबद्दल तो चालला होता त्या बेटाची बाजू मागे पडली. शिकार चांगली की वाईट, या प्रश्नात अडकले की सांता रोसाचे प्रकरण हातातून निसटते. शिकारीसाठी राखलेला कळप शिकारीने आटोक्यात येत नाही, कारण त्याला आटोक्यात आणणे राखणाऱ्याच्या हिताचे नसते. शिवाय बेटावर या कळपाचा भुर्दंड अशा झाडाझुडपांवर आणि प्राण्यांवर पडतो, ज्यांना जगात दुसरीकडे कुठे थारा नाही.

सांता रोसा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचे आहे. १९८० मध्ये चॅनल आयलंड्स राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले तेव्हा ते खासगी मालकीचे होते. व्हेल अँड व्हिकर्स ही कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून तिथे गुरे पाळत होती. एल्क आणि हरणे याच काळात, शतकाच्या पहिल्या तीन दशकांत, मुख्य भूमीवरून आणून सोडली गेली. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीस पैसे घेऊन शिकार घडवण्याचा धंदा सुरू झाला. मोठ्या शिंगांच्या एल्कसाठी हौशी शिकारी हजारो डॉलर मोजत. १९८६ मध्ये सरकारने सुमारे तीन कोटी डॉलर देऊन बेट विकत घेतले, तरी गुरे आणि शिकार परवान्यावर चालूच राहिली. शिकारीच्या मोसमात, म्हणजे वर्षातले चार-पाच महिने, बेटाचा बहुतेक भाग लोकांना बंद असे. लोकांच्या पैशाने घेतलेली जागा लोकांनाच बंद, ही स्थिती फार दिवस टिकणे कठीण होते. राष्ट्रीय उद्यानांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने १९९६ मध्ये खटला भरला आणि त्यातून १९९८ची तडजोड निघाली. त्याच वर्षी गुरे गेली. हरणे आणि एल्क टप्प्याटप्प्याने कमी करून २०११ अखेर बेट मोकळे करायचे ठरले. हंटर यांचा प्रस्ताव या ठरलेल्या गोष्टीवर पाणी फिरवणारा होता.

हरणे कमी करण्याची निकड कळायला बेटावरची झाडे जवळून पाहावी लागतात. मुख्य भूमीवर चरणाऱ्या जनावरांशी हजारो वर्षे झगडताना वनस्पतींनी काटे, कडू रस, जाड पाने असा बचाव उभा केला. बेटावर चरणारेच नव्हते, तेव्हा हा खर्च वायाच होता, आणि तो हळूहळू सुटत गेला. शेजारच्या सांता क्रूझ बेटावरील वनस्पतींची मुख्य भूमीवरच्या त्यांच्या भाऊबंदांशी तुलना करणारा बोवेन आणि व्हॅन व्ह्युरेन यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. बेटावरच्या वनस्पतींचा बचाव दुबळा आणि मेंढ्यांची पसंती त्यांनाच, असे त्यात आढळले. उत्तरेकडच्या चॅनल बेटांवरील तेरा वनस्पती संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आल्या त्याही त्याच वर्षी.

या बेटांवर उन्हाळ्यात पाऊस नसतो, पण समुद्रावरून दाट धुके येते. डोंगरमाथ्यावरच्या बेटी ओकची पाने आणि खालची झुडपे हे धुके अक्षरशः विंचरून घेतात. पानांच्या कडांवर थेंब जमतात, खोडावरून ओघळतात, पालापाचोळ्यात मुरतात आणि कोरड्या महिन्यांत झाडाच्या मुळांना पाणी मिळते. आधी मेंढ्यांनी, मग गुरांनी आणि शेवटी हरणांनी खालची झुडपे आणि नवी रोपे खाऊन टाकली. पाचोळा उरला नाही, वाऱ्याने माती नेली आणि ओकची मुळे उघडी पडली. माथ्यावर धुके पूर्वीसारखेच येते, पण ते धरून ठेवणारे काही नसल्याने सरळ पुढे निघून जाते. आता तिथे संशोधक आणि स्वयंसेवक जाळीच्या कुंपणांवर धुके अडवतात, उतारावर काथ्याच्या लांब गुंडाळ्या बांधून माती थोपवतात आणि त्यांच्या आडोशाला रोपे लावतात. हरणे असती तर यातले एकही रोप गुडघ्याच्या वर गेले नसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. या बेटावर पूर्वी हत्तीच्या कुळातले जनावर होते. १९९४ मध्ये सांता रोसावर बुटक्या मॅमथचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. मग मोठ्या चरणाऱ्या प्राण्यांची या झाडांना सवय नव्हती असे कसे म्हणता येईल? याचे उत्तर काळाच्या हिशेबात आहे. मॅमथ नष्ट झाले त्याला सुमारे तेरा हजार वर्षे झाली. आर्लिंग्टन स्प्रिंग्ज येथे १९५९ मध्ये सापडलेले मानवी अवशेषही साधारण तितकेच जुने आहेत. त्यानंतर चुमाश हे मूळनिवासी लोक इथे राहिले, पण मेंढ्या-गुरे येईपर्यंत खूर असलेले मोठे जनावर या जमिनीवर फिरले नाही. झाडांची आजची घडण या दीर्घ काळातली आहे. मॅमथचा दाखला देऊन मुख्य भूमीवरचे हरीण आणून सोडणे म्हणजे तेरा हजार वर्षे झालीच नाहीत असे धरून चालणे होय.

आता मुख्य मुद्दा. शिकार राखीवाचे समर्थक सांगतात की शिकारीमुळे हरणांची संख्या मर्यादेत राहील आणि वनस्पतीही वाचतील. पण शिकारीला येणाऱ्याला दर वर्षी भरपूर आणि मोठ्या शिंगांची जनावरे लागतात. शिंगाळे नर मारले जातात, माद्या राहतात आणि पुढच्या मोसमाची पिल्ले त्याच देतात. कळप रोडावला तर धंदा बसतो. म्हणून राखीवाचा व्यवस्थापक कितीही सज्जन असला तरी त्याचा कल हरणे जास्त ठेवण्याकडेच राहणार. सांता रोसाची हरणे ॲरिझोनाच्या कैबाब पठारावरून आली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये तिथे शिकारी जनावरांचे राखीव क्षेत्र जाहीर केले होते. प्यूमा, लांडगे, कोयोट मारले गेले, हरणे वाढत गेली आणि १९२०च्या दशकाच्या मध्यात खायला न उरल्याने ती मोठ्या संख्येने उपाशी मेली. त्या काळचे आकडे फुगवलेले होते, असे अभ्यासक ग्रॅम कॉफ्ली यांनी १९७० मध्ये दाखवले आणि ते मान्य करावे लागते. पण उपासमार झाली होती, आणि ती विस्तीर्ण पठारावर झाली होती. सांता रोसावर तर जमिनीवरचा सर्वांत मोठा मूळचा शिकारी प्राणी म्हणजे दोन किलोंच्या आसपास वजनाचा बेटी कोल्हा. याच किनाऱ्यासमोरच्या कॅटालिना बेटावर शिकारीसाठी सोडलेली म्यूल हरणे आहेत आणि तिथे कित्येक दशके परवाने देऊन शिकार चालू आहे. तरीही २०२३ मध्ये तिथल्या भूसंवर्धन संस्थेला सगळी हरणे काढून टाकण्याची योजना मांडावी लागली. शिकारीने संख्या आवरली असती तर ही पाळी आली नसती. त्या योजनेतल्या हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालण्याला लोकांनी कडाडून विरोध केला आणि २०२४ मध्ये तो भाग मागे घेतला गेला.

हरणांचे परिणाम झाडांपुरते थांबत नाहीत. डीडीटी या कीटकनाशकामुळे या बेटांवरचे मासे खाणारे टकले गरुड नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी सोनेरी गरुड आले. त्यांना बेटांवर टिकवले ते सांता क्रूझच्या रानडुकरांच्या पिल्लांनी आणि सांता रोसावरच्या हरणांच्या पाडसांनी. तिथे बस्तान बसल्यावर त्यांनी कोल्ह्यांना लक्ष्य केले. सांता रोसावर दीड हजारांहून अधिक असलेले कोल्हे २०००पर्यंत पंधरावर आले. सोनेरी गरुड पकडून हलवले, टकले गरुड पुन्हा आणले, डुकरे काढली, कोल्ह्यांची पैदास पिंजऱ्यात केली, तेव्हा कुठे २०१६ मध्ये या बेटांवरचे कोल्हे संकटग्रस्त यादीतून बाहेर आले. हरणांचे राखीव करणे म्हणजे गरुडांचे हे अन्न कायम ठेवणे.

आता सैनिकांचा मुद्दा. पक्षाघात झालेल्या माजी सैनिकांच्या राष्ट्रीय संघटनेला आधी या कल्पनेत रस होता. तिच्या प्रतिनिधींनी बेट पाहिले आणि ये-जा, सुरक्षितता व खर्च यांच्या अडचणी मिळणाऱ्या लाभापेक्षा फार मोठ्या आहेत असे म्हणत २००६ मध्ये अंग काढून घेतले. ज्यांच्या नावाने हे सारे चालले होते त्यांनीच नकार दिला, तरी त्या वर्षीच्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात हरणे आणि एल्क मारून संपवण्यास मनाई करणारे कलम घातले गेले. राष्ट्रीय उद्यानाचा निर्णय संरक्षण खर्चाच्या कायद्यातून घेणे मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. सिनेटर डायॅन फाइनस्टाइन, बार्बरा बॉक्सर आणि प्रतिनिधी लोइस कॅप्स यांनी ते रद्द करण्याची मागणी लावून धरली आणि डिसेंबर २००७ मध्ये कलम रद्द झाले.

प्राणिप्रेमींचा आक्षेप वेगळा आणि मनाला भिडणारा आहे. हरणांचा काय दोष? दोष त्यांचा मुळीच नाही, तो त्यांना तिथे सोडणाऱ्यांचा आहे. त्यांना मारणे क्रूर आहे हे मी नाकारत नाही. पण राखीवातही हरणे मारली जाणारच होती, दर वर्षी, आणि त्याला शेवट नव्हता. कळप एकदाच काढून टाकणे आणि कायमचा मारत राहणे यांत पहिलाच पर्याय कमी मरणाचा आहे, आणि त्याच्या पलीकडे जगणाऱ्या प्रजाती आहेत.

आपल्याकडचा वाचक विचारील, शिकारखान्यांनीच तर आपली राने राखली ना? हे खरे आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे रान १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले. पण गवा त्या सह्याद्रीचाच आहे, त्याच्यासोबत वाघ आणि रानकुत्रे होते, आणि तिथली झाडे त्याच्या तोंडाशी जुळवून घेत वाढली. सांता रोसाशी तुलना करायची तर अंदमान घ्यावे. चितळ तिथले नाही. इंग्रजांनी ते विसाव्या शतकाच्या आरंभी नेऊन सोडले, ते पोहत बेटामागून बेटे पार करत पसरले आणि तिथे त्याला खाणारे कोणी नाही. इंटरव्ह्यू बेटावर लाकूड कंपनी बंद पडल्यावर १९६०च्या दशकात सोडलेल्या हत्तींनीही रान उघडे केले. उपग्रहचित्रांवरून रौफ अली यांच्यासारख्या अभ्यासकांनी या दोन्ही प्राण्यांमुळे झालेली झाडोऱ्याची हानी दाखवली आहे. तरी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंदमानातल्या चितळाला तेच संरक्षण आहे जे ताडोबातल्या चितळाला. तिथली नवी रोपे वाचवायची तर या प्राण्याचा मूळचा मुलूख कोणता आणि सोडलेला मुलूख कोणता, हा भेद कायद्यानेच करायला हवा.