सूर्येच्या पाण्याचा ताळेबंद

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल लागतो. ऐन उन्हाळ्यातही खालचे पात्र ठणठणीत कोरडे नसते. धरणातून शहरांसाठी आणि कारखान्यांसाठी सोडलेले पाणी याच पात्रातून खाली मासवणकडे जाते, तिथे ते उचलले जाते. त्याच दिवसांत पूर्वेला डोंगरावर, मोखाडा-जव्हारच्या पाड्यांमध्ये, टँकरची वाट पाहत हंडे रांगेत ठेवलेले असतात. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याला तीन-चार वर्षांत मिळेल तेवढा. तो चार महिन्यांत कोसळतो, कातळावरून वाहून जातो आणि फेब्रुवारीपासून विहिरी तळ दाखवू लागतात. त्यामुळे इथली टंचाई पावसाची नाही. पडलेले पाणी कोणी साठवले आणि ते कोणाच्या नावावर लिहिले गेले, याची ती टंचाई आहे.

सूर्या ही वैतरणेची उपनदी. विक्रमगड तालुक्यात धामणी येथे तिच्यावर ५९ मीटर उंचीचे धरण आहे आणि त्याच्या खाली कवडासचा उन्नयी बंधारा. धामणीत सोडलेले पाणी आधी पायथ्याच्या ६ मेगावॉटच्या वीजगृहातून जाते, मग कवडासला अडते आणि तिथून उजव्या-डाव्या कालव्यांत शिरते. प्रकल्प मंजूर झाला तो शेतीसाठी. डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांतली १४,६९६ हेक्टर जमीन भिजवायची, असे कागदावर ठरले होते. लाभक्षेत्रातले बहुसंख्य शेतकरी आदिवासी, खरिपात एक भात घेणारे. प्रकल्पासाठी आदिवासी उपयोजनेचा पैसा वापरला गेला, ही गोष्ट आंदोलक आजही प्रत्येक सभेत सांगतात. धरणात ज्यांची घरे आणि शेते गेली, त्यांना चंद्रनगर, हनुमाननगर अशा नव्या नावांच्या वसाहती मिळाल्या.

दुसऱ्या पिकाचे मोल या भागात नुसत्या भाताच्या पोत्यांत मोजून चालत नाही. दिवाळी झाली, कापणी-झोडणी उरकली, की पाड्यांवरची कुटुंबे मुलाबाळांसह वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, रेतीच्या आणि बांधकामाच्या कामावर निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती पावसाळ्यापर्यंत फेडायची. शाळेच्या हजेरीपटावर मुलांची नावे तशीच राहतात. जिथे कालव्याचे पाणी वेळेवर पोहोचते, तिथे उन्हाळी भात होतो, भाजीपाला होतो, वाल-हरभरा होतो, आणि घरातली निदान दोन माणसे गावात थांबतात.

आता आकडे मांडू. धामणीचा उपयुक्त साठा सुमारे २७६ दशलक्ष घनमीटर, कवडासचा सुमारे १०. वसई-विरार शहराला सूर्येतून जुन्या दोन योजनांमधून रोज १०० आणि १००, असे २०० दशलक्ष लिटर पाणी मिळत आले. त्यावर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आली: रोज ४०३ दशलक्ष लिटर, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. मेंढवणच्या खिंडीखालून आणि तुंगारेश्वरच्या डोंगराखालून बोगदे काढून तिची जलवाहिनी दक्षिणेकडे गेली. २०२३ च्या अखेरीस वसई-विरारच्या टप्प्याचे पाणी सुरू झाले.

४०३ दशलक्ष लिटर रोज म्हणजे वर्षाला १४७ दशलक्ष घनमीटर. दुसऱ्या बाजूने हिशेब करू. १४,६९६ हेक्टरांवर हंगामभर मिळून एक मीटर उंचीचे पाणी द्यायचे, तर किती लागेल? पुन्हा १४७ दशलक्ष घनमीटरच. उन्हाळी भाताला एक मीटर कमीच पडतो, भाजीपाल्याला त्याच्या निम्म्यात भागते. सरासरी म्हणून आकडा वावगा नाही. हा योगायोग आहे, पण बोलका योगायोग आहे: शेतीसाठी मांडलेल्या प्रकल्पातून एका शहरी योजनेचे वार्षिक मागणीपत्र जवळपास संपूर्ण लाभक्षेत्राएवढे निघते. न्यायाने हेही सांगायला हवे, की पावसाळ्यात शहरे नदीच्या वाहत्या पाण्यावर भागवू शकतात. साठ्यावर खरा भार ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा. ते २४० दिवस धरले, तर जुन्या-नव्या योजनांचे मिळून रोजचे ६०३ दशलक्ष लिटर म्हणजे सुमारे १४५ दशलक्ष घनमीटर, उपयुक्त साठ्याचा निम्मा भाग. उरलेल्या निम्म्यात तारापूरची औद्योगिक वसाहत, अणुऊर्जा केंद्राचा परिसर, पालघर आणि भोवतालच्या गावांची नळयोजना, बाष्पीभवन, कालव्याची गळती आणि शेवटी शेतकरी.

हे पाणी शेतीकडून वळले कसे? कोणी रातोरात पळवले नाही. शेतकऱ्यांनी ते 'वापरले नाही', म्हणून ते शिल्लक दिसले. शिल्लक दिसले, म्हणून वाटले गेले. निर्माण झालेली सिंचनक्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांतली तफावत दरवर्षी अहवालात येते, आणि तीच पुढच्या आरक्षणाचे कारण बनते. वापर का झाला नाही, हे मात्र शेतावर जाऊन पाहावे लागते. मुख्य कालव्याचे अस्तरीकरण जागोजागी उखडलेले, पोटचाऱ्या गाळाने भरलेल्या किंवा मुळात शेतापर्यंत न पोहोचलेल्या. हेडच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाजवळच्या, शेतात पाणी तुंबते, टेलला, म्हणजे शेवटाला, चारी कोरडी. डिसेंबरात आवर्तन सुटेल म्हणून रोप टाकावे, आणि दुरुस्ती लांबून पाणी जानेवारीत यावे.

शिवाय कोकणची एक जुनी रीत आड येते. खरिपाची कापणी झाली, की गुरे मोकाट सुटतात. सगळ्या शिवारात एकट्याने हिरवे पीक उभे केले, तर ते रात्रीत फस्त होते. कुंपण घालायला पैसा नाही, राखणीला माणूस नाही, कारण माणूस भट्टीवर गेलेला. म्हणजे पाणी घ्यायचे तर सगळ्या गावाने एकदम घ्यायला हवे. कालव्याच्या आराखड्यात मोकाट गुरांचा रकाना नसतो. तो असता, तर 'शेतकरी पाणीच मागत नाहीत' हे वाक्य इतक्या सहज लिहिले गेले नसते.

विरोध झाला नाही, असे नाही. ज्या भूमीवर १९४५ साली वारली उठाव झाला, पुढे भूमिसेना आणि कष्टकरी संघटना या आदिवासींच्या संघटना उभ्या राहिल्या, तिथे गप्प बसण्याची परंपरा नाही. सूर्या पाणी बचाव संघर्ष समितीने मोर्चे काढले, धरणे धरली, जलवाहिनीचे काम अडवले. मागणी साधी होती: आधी लाभक्षेत्राची आणि जिल्ह्यातल्या गावांची तहान, मग उरलेले बाहेर. शहरांची बाजूही खोटी नव्हती. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या बागायतींच्या विहिरी टँकरवाल्यांनी उपसून खाऱ्या केल्या, म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन पेटले होते. नळाला पाणी नसेल, तर शहर टँकरकडे वळते आणि टँकर शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीकडे. तेव्हा शहराला धरणाचे पाणी देणे ही त्या विहिरींचीही सुटका असते. गुन्हा शहराने पाणी मागण्यात नाही. शेतकऱ्याचा वाटा आधी आकड्यात बांधून न ठेवण्यात आहे.

कायद्यात तशी सोय झाली होती. २००५ मध्ये महाराष्ट्राने दोन कायदे केले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणले, दुसऱ्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपवण्याची तरतूद केली. संस्थेला पाण्याचा कोटा घनमीटरमध्ये मिळावा, चारीच्या तोंडाशी मोजून मिळावा आणि आत तो कसा वाटायचा हे संस्थेने ठरवावे, ही त्यामागची कल्पना. पण त्याच सुमारास शेतीचे पाणी बिगर-सिंचनाला वळवण्याचे निर्णय मंत्र्यांची उच्चाधिकार समिती घेत होती, आणि २००३ च्या राज्य जलनीतीत तर उद्योगाचा क्रम शेतीच्या वर होता. ओरड झाल्यावर २०११ मध्ये शेती पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर आली. सोबत समितीच्या जुन्या निर्णयांना दुरुस्ती कायद्याने संरक्षणही मिळाले. क्रम बदलला, तोवर बरीच पंगत जेवून उठली होती.

मोजून वाटलेले पाणी किती फरक पाडते, याचे उदाहरण दूर नाही. नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर १९९१ मध्ये, कायदा होण्याच्या कितीतरी आधी, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी टेलच्या गावांत तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. वर्षानुवर्षे तिथे कालव्याचे पाणी पोहोचतच नव्हते. संस्थांनी ते मोजून मागितले, पाणीपट्टी स्वतः गोळा केली, ओढ्या-नाल्यांवर बंधारे घालून कालव्याच्या पाण्याला विहिरींची जोड दिली. मग वरच्या गावांनाही संस्था हव्याशा वाटू लागल्या आणि पुढे सबंध प्रकल्पाची संस्था झाली. द्राक्षबागांनी भरलेले वाघाड आणि सूर्येच्या भागातले भातखाचरांचे कासा-सोमटे यांची जमीन, भांडवल, बाजार वेगळे, हे खरे. टेलपासून सुरुवात करण्याची युक्ती मात्र सूर्येलाही लागू पडावी: जिथे सगळ्यात कमी पोहोचते, तिथला माणूस मोजमापाचा सगळ्यात आग्रही पहारेकरी असतो.

त्याहून जुने उदाहरण खानदेशातले. पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या शिवाराचे तीन-चार फड पाडत. एका फडात एकच पीक, पिकांची फेरपालट ठरलेली, आणि बहुतेकांची जमीन थोडीथोडी प्रत्येक फडात. नदीला पाणी कमी असेल, त्या वर्षी एखादा फड कोरडवाहू ठेवायचा. तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी. पाटकरी आणि जागल्या गावाने नेमलेले, त्यांचा मोबदला धान्यात. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून उभी केलेली पाणी पंचायत आणखी पुढे गेली. तिने पाणी जमिनीवर न देता माणशी दिले, भूमिहीनालाही वाटा ठेवला आणि उसाला बंदी केली. स्पेनमध्ये वालेन्सियाच्या चर्चच्या दारात दर गुरुवारी भरणारे पाण्याचे न्यायालय पाहायला पर्यटक जातात, युनेस्कोनेही २००९ मध्ये त्याची नोंद घेतली. आपल्या फडांवर मात्र उसाने आणि पंपांनी केव्हाच मात केली.

बोईसर-तारापूरकडे वळले, की प्रश्नाचे दुसरे टोक दिसते. इथे पाणी येण्यापेक्षा जाण्याचे भांडण मोठे आहे. १९६९ मध्ये देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले, नंतर औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, औषधे, कापड, पोलाद. सूर्येतून आलेले गोडे पाणी कारखान्यांतून सांडपाणी होऊन बाहेर पडते. सामायिक प्रक्रिया केंद्राची दिवसाला २५ दशलक्ष लिटरची क्षमता अपुरी ठरली, नवे ५० दशलक्ष लिटरचे केंद्र उभारावे लागले. मधल्या काळात नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटीच्या मच्छीमारांनी खाड्यांचा रंग बदलताना पाहिला. २०१६ मध्ये मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, आणि लवादाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर भरपाईची जबाबदारी टाकली. पाण्याच्या वाटपाच्या चर्चेत मच्छीमाराचे नाव कुठेच नसते, कारण तो नदीतून एक थेंबही उचलत नाही. नदी समुद्राला मिळते तिथे त्याचे शेत असते.

तारापूरला सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सक्ती झाली, तर सूर्येवरचा थोडा भार लगेच उतरेल. शहरांचेही तसेच. पुरवलेल्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होतो, असे नगर अभियंते धरून चालतात. म्हणजे ६०३ दशलक्ष लिटर पूर्ण मिळाले, तर त्यातले सुमारे ४८० दशलक्ष लिटर रोज खाडीच्या दिशेने निघेल.

पश्चिमेच्या किनारपट्टीची अडचण आणखी निराळी. केळवे-माहीमच्या पानवेली, घोलवडचे चिकू, डहाणूची मिरची यांना विहिरी आणि छोटी धरणे तारतात. केळव्याजवळच्या झांझरोळी धरणाला जानेवारी २०२२ मध्ये गळती लागली, तेव्हा एवढ्याशा धरणावर किती संसार टेकलेले आहेत, ते अचानक दिसले. डोंगरात 'बाएफ' या संस्थेने जव्हार-विक्रमगडकडे उभ्या केलेल्या आंबा-काजूच्या वाड्या आणि मोगऱ्याचे मळे थोड्या पाण्यात चालतात. मोठ्या कालव्याची वाट न पाहणारी ही शेती आहे, पण तिच्यावर लाखो माणसांचे पोट सोपवता येत नाही.

दरम्यान नवे मागणीदार दारात उभे आहेत. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. बंदरामागून वसाहती येतील, गोदामे येतील. वैतरणेचे खोरे तर मुंबईने केव्हाच अडवले आहे: १८९२ चे तानसा, १९५७ चे मोडकसागर, मग अप्पर वैतरणा, २०१४ चे मध्य वैतरणा. आता वाडा तालुक्यात ओगदा येथे गारगाईचे धरण आणि त्यानंतर जव्हारकडे पिंजाळचे. गारगाईतून मुंबईला रोज ४४० दशलक्ष लिटर अपेक्षित आहे. सूर्येच्या वेळी निदान कागदावर १४,६९६ हेक्टर लिहिले गेले होते, आणि त्या आकड्याच्या आधारानेच शेतकरी आजवर भांडत आले. गारगाईची आखणीच मुंबईच्या नळासाठी आहे. तिचे पाणी बोगद्यातून मोडकसागराकडे जायचे आहे.