हेड वाळू नये, श्वासही कोंडू नये

मे महिन्याच्या उत्तरार्धात जामखेडसारख्या गावातल्या फ्लेक्सवाल्यांना उसंत नसते. ३१ मे रोजी तालुक्यातल्याच चोंडीला, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी, जयंतीचा सोहळा असतो. त्यात लग्नसराई आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. नेमक्या याच दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडीठाक होते आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. अशा वेळी दहा फुटी फलकावरच्या चेहऱ्याच्या मधोमध पांढरी रेघ उमटते. ‘हेड जाम झालं’ हे ऐकून मालकाचा रक्तदाब वाढतो, कारण नवे हेड स्वस्त नसते.

हेड म्हणजे केसाहूनही बारीक अशा शेकडो छिद्रांची रांग. आतल्या स्फटिकाला वीज मिळाली की तो किंचित आकार बदलतो आणि शाईचा थेंब बाहेर फेकला जातो. मशीन थांबले की छिद्राच्या तोंडाशी असलेल्या शाईतला द्रावक उडून जातो, रंगाचे कण आणि राळ मागे उरते आणि जखमेवर धरते तशी खपली धरते. ही राळ प्लास्टिकच्या कापडाला घट्ट चिकटण्यासाठीच घातलेली असते. त्यामुळे एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही.

शाईचा बारीक फवारा मारून लिहिण्याच्या या तंत्राचे मूळ दवाखान्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्वीडनचे रुने एल्मक्विस्ट यांनी हृदयाचा आलेख कागदावर उमटवण्यासाठी असे उपकरण बनवले. त्याचे अमेरिकी पेटंट १९५१ चे आहे. १९५८ साली माणसाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकरही त्यांनीच तयार केला होता.

हेड जाम होऊ नये म्हणून करायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. काम असो वा नसो, रोज सकाळी टेस्ट प्रिंट काढावी. एखादा रंग आठवडाभर लागला नाही, तरी त्याचे थोडे काम घ्यावे. रात्री हेड ठरलेल्या जागी, झाकणाखाली नेऊनच मशीन बंद करावे. वीज अचानक गेली तर हेड अर्ध्या वाटेत उघडे राहते आणि खपली तिथेच धरते. म्हणून हेड जागेवर नेण्यापुरता तरी बॅटरीचा आधार हवा. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत, त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तर गाठी होतात. फिल्टर वेळेवर बदलावा. छिद्रात सुई घालणे किंवा सिरिंजने जोरात द्रव दाबणे म्हणजे बंद हेड कायमचे फोडणे. रंगाच्या दुकानातले थिनरही नको, ते हेडमधला गोंदच विरघळवू शकते.

खरी अडचण पुढे आहे. वाऱ्याने शाई वाळते आणि धूळ बसते, म्हणून खिडक्या बंद केल्या जातात. हेडचे भले होते, पण शाईतून आणि सफाईच्या द्रवातून उडणारी वाफ त्याच खोलीत कोंडते. या द्रवांत बहुधा सायक्लोहेक्झॅनोन असते. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोके जड होते. दमा असलेल्याला धाप लागू शकते. कामगारांसाठी अमेरिकेतील कायद्याने आठ तासांची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग अशी ठरवली आहे. नाकावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, ते थोड्या वेळात वासाला सरावते. डोकेदुखी सुट्टीच्या दिवशी थांबते आणि कामावर गेले की परतते, असे असेल तर डॉक्टरांना आपला व्यवसाय आवर्जून सांगावा. गोळीच्या चिठ्ठीआधी हा प्रश्न डॉक्टरांनीही विचारायला हवा, गर्दीत तो राहून जातो.

मग खिडकी उघडायची की बंद ठेवायची? ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, त्यामुळे ती जमिनीलगत साचते. छताजवळचा पंखा तिला नीट ओढू शकत नाही. हवा बाहेर फेकणारा पंखा भिंतीत खाली, ओला फ्लेक्स जिथे बाहेर पडतो त्या बाजूला बसवावा आणि समोरच्या बाजूने जाळीतून हवा आत घ्यावी. मशीनवर थेट झोत नको. झाडूऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसली तर धूळ उडत नाही. खोलीत थोडा ओलावा राहिल्याने फ्लेक्सवरची स्थिर वीजही कमी होते आणि धूळ कमी चिकटते.

हातांचे काय? काम संपल्यावर त्याच सोल्युशनने बोटांवरचा रंग काढण्याची सवय फार जुनी आहे. त्याने कातडी कोरडी पडून भेगाळते आणि द्रव शरीरातही शिरतो. दवाखान्यातले पातळ लॅटेक्सचे हातमोजे त्याला फार वेळ अडवत नाहीत. ब्युटाइल रबरचे घ्यावेत. कापडी मास्क वाफेपुढे निरुपयोगी, कोळशाची डबी असलेला मास्कच उपयोगाचा. डोळ्यात थेंब उडाला तर १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक. हा द्रव ४४ अंशांच्या आसपास तापला की त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीला तिथवर जायला वेळ लागत नाही. सकाळची उदबत्ती दुकानाच्या दाराशी लावावी, मशीनवरच्या तसबिरीपुढे नको. द्रवात भिजलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत आणि रात्री मशीनशेजारी अंथरूण घालू नये.